टेपमधला जव्हार जव्हारमध्येही राहू द्या

(जव्हार येथे ग्रंथालय कार्यकर्ते आणि शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बोहाडा कसा असतो, तारपा कसा वाजतो, हे जव्हार-मोखाड्याच्या माणसांना मी सांगायचं नसतं. ते तुमच्याकडून शिकायचं. मी बोलणार आहे ते हे सगळं ज्या व्हिडिओ कॅसेटींवर साठवलं गेलं, त्या कॅसेटींबद्दल.

लग्नं, शाळेची गॅदरिंग, बोहाड्याच्या रात्री, मोर्चे, सभा असं बरंच काही त्या काळात टेपवर आलं. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव देशभर पोचलं आणि बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन इथे आली. म्हणजे इथल्या जगण्याच्या टेप दोन ठिकाणी आहेत. काही तुमच्या माळ्यावर, काही शहरांतल्या कपाटांत.

दोन्हीकडे वेळ संपत आलाय. व्हीएचएस टेप म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेले चुंबकीय कण. दमट हवेत तो चिकट थर कमजोर होतो, बुरशी धरते. जव्हारचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! टेप शाबूत राहिली तरी ती वाचणारं यंत्र हवं. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई. तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोनं २०१९ मध्ये चुंबकीय टेपबद्दल जगभर इशारा दिला, तोही यासाठीच.

आता काम कसं करायचं ते थोडक्यात सांगतो. कॅसेट हातात घेतली की आधी कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडा, म्हणजे चुकून त्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही. खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. ती वेगळी ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या. शक्य असेल तिथे पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची वायर वापरा. मूळ प्रत एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गाळणाऱ्या पद्धतीत ठेवा. एका तासाला अंदाजे ३५ जीबी लागतात. बघण्यासाठी वेगळी, लहान एमपी४ करा. आणि तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

यात घाई चालत नाही. एक तासाची टेप उतरवायला एक तास लागतोच. तीन तासांच्या १०० कॅसेट म्हणजे ३०० तास. रोज चार तास बसलात तर ७५ दिवस. एक यंत्र आणि आळीपाळीनं बसणारी दोन-तीन मुलं एवढ्यात हे होतं.

पण मला खरी काळजी यंत्राची नाही. फाइल तयार झाली आणि तिचं नाव ‘टेप १७’ एवढंच असलं, तर ती हरवल्यातच जमा. सोंग कोणतं, नाचणारा कोण, संबळ कोणाचा, गाव कुठलं, हे सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून टेप उतरली की आधी तिच्या गावात लावा. शेजारी वही घेऊन बसा. लोक बोलतील ते त्यांच्याच बोलीत लिहा. ग्रंथालयाला हे काम येतं. नोंद ठेवणं हा त्याचा मूळ धंदाच आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. १९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलाकारांना स्वतंत्र हक्क मिळाले. पण कायद्याच्याही आधी माणुसकी येते. कुपोषणाच्या चित्रीकरणात आईच्या कुशीत दिसणारं ते बाळ जगलं असेल, तर आज माझ्या वयाचं आहे. त्याला न विचारता ते चित्र यूट्यूबवर टाकायचं का? लग्नाच्या टेपमधल्या बायकांना कोणी विचारलं? सगळंच सगळ्यांसाठी खुलं करणं म्हणजे जतन नव्हे. काही फक्त गावात दाखवायचं, काही फक्त घरच्यांना द्यायचं, आणि हा निर्णय त्यांचा.

शेवटचं. परदेशी संशोधक भारतात ध्वनिमुद्रणं करून घेऊन जात. त्यांची एक प्रत इथे राहावी म्हणून १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं एक संग्रह सुरू केला; तो आज गुरुग्रामला आहे. भारतात प्रत राहावी हे तत्त्व मान्य आहे ना? मग तेच एक पाऊल पुढे न्या. गुरुग्राम, पुणे, मुंबईत प्रत असेल, तर जव्हारमध्येही असली पाहिजे. ज्यांनी इथे चित्रीकरण केलं, त्या संस्थांना, वाहिन्यांना, विद्यापीठांना आपण ग्रंथालयाच्या लेटरहेडवर पत्र लिहू. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून मागू.

तोवर माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढा. कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा आणि प्रत्येकीवर आठवेल ते लिहा. पावसाळ्याआधी एवढं नक्की करा.