गाडीची कल्हई

चुलीपुढे असाल, गोठ्यात असाल, शेंगा फोडत बसला असाल, तिथूनच ऐका.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर घरातल्या पुरुषांचा विषय. गाडी धुणं, पॉलिश करणं, आणि हल्ली जिचं फार नाव निघतं ती सिरॅमिक कोटिंग. पण गाडीच्या कर्जाच्या कागदावर सही कोणाची असते? बऱ्याच घरांत आपलीही असते. हप्ता चुकला की गटातून उचल कोण मागतं? आपणच. मग गाडीला काय लावायचं आणि त्याचे किती पैसे मोजायचे, हेही आपल्याला कळायला हवं.

आधी रंगाचं समजून घेऊ. गाडीच्या पत्र्यावर अस्तराचा थर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर चकाकीचा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरतात. वरचा पारदर्शक थर तर आपल्या डोक्याच्या केसाएवढाही जाड नसतो. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, बोअरचं क्षाराचं पाणी, सगळं तोच झेलतो. तो गेला की रंग फिका पडतो, पापुद्रे सुटतात आणि मग पत्रा गंजायला लागतो.

त्या थरावर आणखी एक पातळ थर चढवायचा, म्हणजे कोटिंग. आपल्याला ही कल्पना नवी नाही. कल्हईवाला काय करायचा? पितळेचं भांडं आधी घासून लख्ख करायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून मध्ये कथलाचा थर. ती कल्हई जन्मभर टिकायची का? नाही. वापराने जायची, पुन्हा करावी लागायची. आणि मळक्या भांड्याला कल्हई धरायचीच नाही. सिरॅमिक कोटिंगचं अगदी असंच आहे. त्यात काचेसारख्या सिलिकाचा अंश असतो. बाटलीतला द्रव रंगावर पातळ पसरला की सुकून कडक होतो. जाडी एखाद-दोन मायक्रॉन, आणि १ मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात, त्यावरून अंदाज करा.

त्याचा फायदा खरा आहे. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी थेंब होऊन घसरतं, चिखल पटकन निघतो, उन्हाने रंग लवकर उडत नाही. पण विकणारे त्याहून पुष्कळ जास्त सांगतात. ‘नाइन एच कडकपणा, ओरखडाच पडणार नाही,’ असं म्हणतात. हा एच पेन्सिलीचा आहे. कडक शिशाच्या पेन्सिलीने रेघ ओढून घेतलेली ती चाचणी असते. आपल्या रस्त्यावरच्या वाळूचा कण त्यापुढे ऐकत नाही. बाभळीच्या काट्याचा ओरखडा पडणार, खडी उडाली तर टवका निघणार. गंजावर कोटिंग लावलं तर खाली गंज वाढतच राहणार. ‘गाडी धुवायलाच नको,’ हे तर साफ खोटं. धुवावी लागतेच, फक्त कष्ट कमी पडतात.

आता पैशाचं बोलू. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी नवी गाडी ठरली. शोरूमच्या कागदात कोटिंगचे १८,५०० रुपये धरलेले, आणि तेही कर्जातच मिळवलेले. विक्रेता म्हणाला, ‘महिन्याला चारशेसुद्धा नाही पडत, ताई.’ आम्ही बैठकीत हिशोब मांडला. १० टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. महिन्याला ३९३ रुपये होतात, त्याचं खरं. पण ६० हप्त्यांचे झाले साडेतेवीस हजारांच्या वर. आणि कोटिंगची हमी किती? ३ वर्षं. म्हणजे कोटिंग संपल्यावरही २ वर्षं तिचा हप्ता चालूच.

ताई दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेल्या आणि म्हणाल्या, ‘हे आम्हाला नको.’ उत्तर आलं, ‘ते सक्तीचं आहे.’ ताई म्हणाल्या, ‘मग सक्तीचं आहे असं लिहून द्या.’ लिहून कोणी दिलं नाही. अर्ध्या तासात नवा कागद निघाला, त्यात ती रक्कम नव्हती. मैत्रिणींनो, एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी सक्ती करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. कोणी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बोलायला धीर लागतो, पण आपल्यामागे गट आहे.

मग कोटिंग कधीच करू नये का? तसं नाही. गाडी नवी आहे, रंग चांगला आहे, भाड्याने चालते, पुढे विकायची आहे, तर विचार करावा. पण त्याआधी घरच्या घरी जे होतं ते करावं. कारण निम्मी चमक आपल्या चुकीच्या धुण्यानेच जाते.

कोरड्या फडक्याने धूळ पुसणं आधी बंद करा. त्या धुळीत वाळू असते. नव्या स्टीलच्या ताटावर वाळूचा हात फिरवला तर काय होईल, तेच रंगाचं होतं. उन्हात गाडीवर गोल गोल जाळी दिसते ना, ती त्याचीच. कपड्यांची पावडरही वापरू नका. तिने वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं. डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकवायची सवयही सोडा. चमक दोन दिवस दिसते, पण डिझेलने रबर फुगून खराब होतं आणि धूळ दुप्पट चिकटते.

धुण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलीत, पत्रा थंड झालेला. आधी नुसतं पाणी टाकून माती खाली काढायची. मग दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवायचं, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून माती काढायची आणि मग परत शाम्पूत. सुरुवात टपापासून, शेवट खाली. चाकांचं फडकं वेगळं, जसं आपलं भांड्यांचं आणि फरशीचं वेगळं असतं. शेवटी पाणी वाळू न देता टिपून घ्यायचं, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात. डाग उठलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. पक्ष्यांची विष्ठा दिसली तर आठवड्याची वाट बघू नका. ओल्या फडक्याने भिजवा आणि उचला, घासू नका. खताची पोती वाहिलीत तर हौदा आणि गाडीचा खालचा भाग त्याच दिवशी धुवा. खतातले क्षार पत्रा खातात.

यानंतर वॅक्स. पातळ हात फिरवायचा, धुरकट दिसलं की पुसून घ्यायचं. आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. फवारायचं सिलिकावालं सीलंट मिळतं, ते त्याहून थोडं जास्त. पुष्कळ घरांना एवढं पुरतं.

घरी कोटिंगच करायची असेल तर बाटली छोटी असते, पण तयारी मोठी लागते. गाडी धुऊन वाळवा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात मळ रुतलेला आहे. तो काढायला क्ले मिळते, कणकेच्या गोळ्यासारखी. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवून ती हळू फिरवायची. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, त्यात वाळू गेली. मग गरज असेल तरच पॉलिश, कारण पॉलिशने तो वरचा थर थोडा झिजतोच. तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने काढायचा. त्यानंतर दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा. उभे हात, आडवे हात. तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले की बाटलीवर सांगितलेल्या वेळात स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. उशीर झाला तर डाग तिथेच कडक होतो आणि मग पॉलिशशिवाय निघत नाही. पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शाम्पू नाही. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर हे काम धरूच नका.

जिवाची काळजी त्याहून आधी. हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, दारं उघडी ठेवा. यातली पुष्कळशी द्रावणं पेट घेणारी असतात, चुलीजवळ किंवा विडीजवळ नकोत. सुटी, लेबल नसलेली बाटली घेऊ नका. चाकं उजळवणाऱ्या काही द्रावणांत तीव्र आम्ल असतं. पाण्याच्या जुन्या बाटलीत काही भरून ठेवू नका, लेकरू तोंडाला लावेल. धुण्याचं पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. आणि स्कूटर-मोटरसायकलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. ब्रेकची चकती, सीट, पाय ठेवायची जागा आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, इथे चमक आणणारं काहीही लावायचं नाही. गाडी घसरते, ब्रेक लागत नाही.

शेवटी आमच्या गटातल्या आणखी एका ताईंची गोष्ट. दूध वाहायची आठ वर्षांची पिकअप. कोटिंगसाठी १५,००० रुपये उचल मागितली. आम्ही नऊ जणी जाऊन गाडी पाहून आलो. हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी गंजाने पोखरलेला, टपावरच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. आम्ही कोटिंगला नाही म्हणालो आणि पत्र्याच्या डागडुजीला, प्रायमरला, शाम्पू आणि फडक्यांना मिळून ६,००० दिले. ताई तेव्हा थोड्या रुसल्या. आता त्यांची सून दर रविवारी शेजारच्या तीन-चार गाड्या दोन बादल्यांच्या रीतीने धुऊन देते, आणि उचलीचा हप्ता त्यातूनच येतो.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत घरातल्या गाडीच्या कर्जाचा कागद घेऊन या. एकेक ओळ मोठ्याने वाचा. जी ओळ कळली नाही तिच्यावर खूण करा आणि खुलासा मिळाल्याशिवाय सही करू नका.