जवळ्याचे अन्न आणि पाताळगंगेचे पाणी



घाटाच्या पायथ्याशी, लोधिवलीत बसून समुद्रातील सूक्ष्म जीवांची कथा सांगावयाची, हे आपणांस थोडे विपरीत वाटेल. परंतु ज्यांनी जवळ्याची चटणी कधी चाखलीच नाही त्यांनी हात वर करावेत, असे आम्ही म्हटले तर फारसे हात वर होणार नाहीत. (माळकऱ्यांची क्षमा मागून हे बोलतो.) बोंबील जवळ्यावर जगतो आणि जवळा जगतो त्याहूनही लहान जीवांवर. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या चिमुकल्या प्राण्यांना शास्त्रज्ञ प्राणिप्लवक म्हणतात.

आपला त्यांच्याशी संबंध नदीमार्फत येतो. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी तेथे चक्रे फिरवून पाताळगंगेत उतरते. त्या पाण्याच्या आधाराने रसायनीचे कारखाने उभे राहिले, वस्ती वाढली. पुढे ही नदी खारपाड्याच्या पुलाखालून धरमतरच्या खाडीस मिळते आणि खाडी मुंबई बंदराच्या पाण्यास. म्हणजे आपल्या न्हाणीतून निघालेले पाणी अखेर कोठे जाते, याचा विचार करावयास हरकत नाही.

प्राणिप्लवकांत संख्येने मोठे कुळ कोपेपॉडांचे. नावाचा अर्थच वल्ह्यासारखे पाय असलेले. बहुतेक तांदळाच्या कणीहूनही लहान. आपल्या विहिरींतला सायक्लॉप्स याच कुळातला. त्याच्यामार्फत नारू आपल्या अंगात शिरे, म्हणून जुन्या बायका पाणी फडक्याने गाळून घेत. २००० साली भारत नारूमुक्त ठरला आणि सायक्लॉप्सची आठवणही मागे पडली. असो.

एवढासा जीव, पण त्याची वागणूक मात्र कमालीची काटेकोर. दिवसा तो माशांच्या नजरेपासून दूर, खोल अंधारात राहतो आणि रात्री चरावयास वर येतो. टेमोरा नावाच्या कोपेपॉडाची मादी पोहत गेली की मागे गंधाची बारीक रेघ उरते. सुमारे दहा सेकंदांपर्यंतच्या जुन्या रेघेचा माग काढीत नर वळणावळणाने तिला गाठतो. हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. पाणी हाच त्याचा रस्ता आणि पाणी हीच त्याची टपाल.

आता या टपालात आपण काय मिसळतो ते पाहा. २०११ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने याच टेमोराच्या पाण्यात डिझेल टाकले. तेही सबंध डिझेल नव्हे, त्यातला पाण्यात विरघळणारा अंश, आणि तोही अत्यल्प. नरांची माग काढण्याची शक्ती मंदावली आणि मीलने घटली. आपल्या गावात ट्रक धुतल्यावर गटारातून वाहणारी सप्तरंगी साय आठवा.

दुसरी गोष्ट औषधांची. मन उदास राहणाऱ्या रोग्यांना फ्लुओक्सेटिन देतात. ते चांगले औषध आहे; कोणी ते आमच्या भाषणावरून बंद करू नये. पण घेतलेल्या औषधाचा काही अंश शरीरातून बाहेर पडतो आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतूनही थोडा निसटतो. २०१० साली इंग्लंडमधील पोर्ट्‌समथच्या संशोधकांनी किनाऱ्यावरील कोळंबीसारख्या एका जीवावर, म्हणजे अ‍ॅम्फिपॉडावर, हे औषध तपासले. प्रमाण किती? एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम! एरवी अंधारात दडणारे हे प्राणी उजेडाकडे जाण्याची शक्यता पाचपट वाढली. उजेडात मासा टपलेलाच असतो. औषधाने तो मारला नाही, त्याला वैऱ्याच्या दारात नेऊन सोडले.

टेमोरा उत्तरेकडील थंड समुद्रातला, प्रयोगही काचेच्या भांड्यांतले. तेथील आकडे उचलून धरमतरच्या खाडीवर चिकटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमची तक्रार वेगळी आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे सांडपाण्याची एक कसोटी अशी की, त्यात मासे ठेवावेत आणि ९६ तासांनंतर त्यांतले ९० टक्के जिवंत असावेत. नदीत मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले की लोक धावतात, त्या काळी ही कसोटी उपयोगाचीच. पण ती मेलेले आणि जगलेले मोजते. जगलेला कोठे पोहतो, कशाला भितो, जोडीदार शोधू शकतो की नाही, हे ती विचारीत नाही. वर सांगितलेले टेमोरा या कसोटीत उत्तीर्ण झाले असते आणि त्यांची पुढची पिढी मात्र रोडावली असती.

वागणूक तपासणे फार खर्चाचे आहे, असे म्हणतात. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. डबक्यातल्या पाणपिसवा कोणीही पकडू शकतो. एक लांबट काचेचे भांडे, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला काळा कागद आणि हाताशी घड्याळ. स्वच्छ पाण्यात दर मिनिटास किती पाणपिसवा उजेडाकडे जातात ते लिहावे. मग नदीच्या पाण्यात तेच मोजावे. येथील शाळेच्या मुलांनी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा हे केले, तर त्यांची वही पाहावयास आम्ही पुन्हा येऊ.