‘माधव’ हें नांव

‘मधु’ म्हणजे मध, आणि वसंतहि. त्या शब्दापासून झालेलें ‘माधव’ हें वैशाखमासाचें प्राचीन नांव होय. मधूच्या कुळांत जन्मला म्हणून श्रीकृष्णहि माधव. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, तिचा ‘धव’ तो माधव, अशीहि फोड करितात.

पुण्यांत या नांवाला वजन आलें तें पेशव्यांमुळें. थोरले माधवराव १७७२ सालीं थेऊर येथें वारले. पुढच्याच वर्षीं बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. त्यांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजीं, वैशाखांतच, पुत्र झाला. त्याला चुलत्याचें नांव ठेविलें. ‘सवाई’, म्हणजे सव्वापट, हें उपपदहि त्यास लागलें. केवढी आशा होती त्या नांवांत! पण हे सवाई माधवराव १७९५ सालीं, अवघे एकवीस वर्षांचे असतांना, शनिवारवाड्यांतच उंचावरून पडले व त्यांतच त्यांचा अंत झाला.

तरी नांव मागें पडलें नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनाहि लोक माधवरावच म्हणत. बारशाला आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, तेव्हां त्याचें आयुष्य कांहीं तिच्या हातीं नसतें. घरांतलें गेलेलें माणूस पुन्हां हांकेंत आणणें, एवढेंच तिला साधतें.