दोन मिनिटे उभे राहताना



मंगल सभेच्या प्रारंभी दिवंगतांचे स्मरण करण्याची रीत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत मुंबईत व गोव्यात आगीत गेलेल्यांचेही स्मरण व्हावे. त्यांचा संगमेश्वराशी संबंध काय, असे कोणी विचारील.

लोअर परळची कमला मिल गिरणगावातील. रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमानी पिढ्यान् पिढ्या ज्या गिरणगावात राबले, ज्यांच्या मनिऑर्डरींवर येथील चुली पेटल्या, तेच हे गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा थंडावला आणि गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या व उपाहारगृहे आली.

२९ डिसेंबर २०१७ च्या रात्री साडेबाराच्या सुमारास कमला मिलमधील गच्चीवरची दोन उपाहारगृहे माणसांनी गजबजलेली होती. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी पडद्यास लागली, असे अग्निशमन दलाच्या अहवालात नमूद झाले. जेथे कापड विणले गेले, तेथे कापडच काळ होऊन आले! सुती कापड जळून राख होते. कृत्रिम धाग्याचे वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. काडीवर धागा जाळून कापड ओळखणाऱ्या व्यापाऱ्यास हे ठाऊक असते. परंतु पडदे वा मंडपाचे कापड घेताना गिऱ्हाईक रंग आणि भाव एवढेच विचारते, व व्यापारीही तेवढेच सांगतो.

चौदा जण गेले. त्यांत अकरा स्त्रिया होत्या. कोणी वाढदिवस साजरा करण्यास आले होते. वाट न सापडल्याने कित्येकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि तेथेच धुराने गुदमरून त्यांचा अंत झाला.

चौकशा झाल्या, खटले गुदरले. आठ वर्षे लोटली नाहीत तोच, ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री, गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागली. पंचवीस जण मृत्युमुखी पडले. त्यांतील वीस जण तेथील कामगार होते. वर संगीत चालले असता अनेकजण खाली तळघरात, स्वयंपाकघरात काम करीत होते. पर्यटकांची नावे प्रथम छापली जातात, ह्यांची मागाहून. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ येथून पोटासाठी आलेली ही माणसे. ज्या तालुक्यात घरोघरी कोणीतरी परगावी नोकरीस असते, तेथे ह्यांच्या घरची वाट पाहणारी माणसे परकी वाटू नयेत.

त्या सर्वांसाठी सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, ही विनंती.