थकवा, व्यायाम आणि दीर्घकालीन रक्तकर्करोग



रक्ताचा कर्करोग म्हटला की माणसाचे आयुष्य संपलेच, असा समज आपल्याकडे अद्याप रूढ आहे. परंतु या रोगाचे तीव्र व दीर्घकालीन असे भेद आहेत. दीर्घकालीन रोग बहुधा संथ गतीने वाढतो. त्यातील मायलॉइड प्रकाराचे चित्र २००१ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या इमॅटिनिब या औषधाने पालटले. गोळ्या घेऊन असे रुग्ण वर्षानुवर्षे नोकरी वा शेती करतात. लिम्फोसायटिक प्रकारातील काही रुग्णांना तर प्रारंभी केवळ नियमित तपासणी पुरते.

अशा रुग्णांना सतावणारी मोठी तक्रार म्हणजे थकवा. तो श्रमाचा शीण नव्हे. रात्रभर झोप होऊनही तो उतरत नाही. बाहेरून दिसत नसल्यामुळे कचेरीत त्यास कामचुकारपणाचे नाव मिळते. घरी मायेपोटी रुग्णाला खाटेवरून हलू दिले जात नाही. पहिल्याने मन खचते, दुसऱ्याने शरीर. सततच्या विश्रांतीने स्नायू दुबळे होतात आणि थोड्याशा हालचालीनेही दम लागू लागतो.

म्हणून प्रथम थकव्याचे कारण डॉक्टरांनी शोधावे. रक्तक्षय, जंतुसंसर्ग, थायरॉइडचे विकार, निद्रानाश, खिन्नता वा औषधांचा परिणाम यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्यानंतर त्यांच्या संमतीने व्यायाम सुरू करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत कर्करोगातून सावरलेल्यांसह दीर्घ आजाराच्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. आरंभ दहा मिनिटांच्या चालण्याने केला तरी चालेल. मात्र प्लीहा वाढली असेल वा रक्तबिंबिका कमी असतील, तर धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य समजावेत.

आता प्रतिकारशक्तीविषयी. लिम्फोसायटिक प्रकारात श्वेतपेशींची संख्या वाढते, पण त्या कार्यक्षम नसतात. हजेरीपटावर शिपाई पुष्कळ, लढणारे थोडे, अशी ही अवस्था. व्यायामाच्या वेळी संरक्षक पेशी अधिक संख्येने रक्तात उतरतात, हे खरे. परंतु व्यायाम म्हणजे संसर्गाविरुद्धचे कवच नव्हे. फ्लू व न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्यात. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

यात आपला वाटा कोणता? कार्यालयप्रमुखांनी रुग्ण सहकाऱ्याचे काम काढून घेऊ नये. ते टप्प्याटप्प्याने विभागून द्यावे. मुख्याध्यापकांनी त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा. सर्दीखोकला झालेल्यांनी त्याच्यापासून दूर राहावे. पंचायतीने गावात चालण्यास सपाट वाट व मध्ये बसण्यास दोन ओटे केले, तर त्याचा लाभ वृद्धांनाही होईल.

रुग्णाला दया नको असते. त्याला आपली जागा हवी असते. ती राखणे आपल्या हाती आहे.