बिऱ्हाड सोडताना

निपाणीचे बिऱ्हाड आवरून कोल्हापूरला निघालेल्या भाडेकरूच्या हाती पुष्कळदा अनामतीऐवजी हिशेबाचा कागद पडतो : रंगसफेदीचे इतके, नळदुरुस्तीचे इतके. सामान गाडीवर चढलेले असते. तो मुकाट्याने रकमेवर पाणी सोडतो. हे योग्य नव्हे.

सीमेच्या दोन्ही अंगांचे भाडेकायदे निराळे. परंतु १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा दोहींकडे एकच आहे. त्याचे १०८ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर भाडेकरूने जागा घेतली त्याच स्थितीत परत करावी. मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. कालमानाने भिंतीचा रंग उडणे ही झीज. फुटलेले तावदान हे नुकसान. झिजेचे मोल भाड्यातच चुकते झालेले असते.

म्हणून करारपत्र कानडीत असेल तर मराठी भाडेकरूने ते जाणत्याकडून समजून घेऊनच सही करावी. जागा घेताना व सोडताना उभयतांच्या सहीची यादी करावी, कापलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. मालक ऐकेनासा झाला तर लेखी मागणी करावी. अशा पैशाच्या दाव्यास सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. व्यवहार चोख असला म्हणजे निरोपही गोड होतो.