हस्तव्यवसायास वेळ कोठून आणावा?

(पिंपळनेर परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



कार्यानुभवाचा विषय निघाला की बहुतेक शाळांतून एकच उत्तर येते : वेळ नाही. हे उत्तर खोटे नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता असतात. पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, निरनिराळी सर्वेक्षणे आणि मोबाइलवरून पाठवावयाची माहिती यांमुळे अध्यापनासच वेळ अपुरा पडतो. अशा स्थितीत कार्यानुभवाची तासिका सर्वांत आधी खर्ची पडते. पुढे प्रदर्शन जवळ आले म्हणजे मुलाच्या नावाची वस्तू रात्री जागून त्याची आई तयार करते. वस्तू मांडली जाते, तिच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते आणि मुलाचा हात मात्र कोराच राहतो. ज्या स्त्रीस मुळीच फुरसत नाही, तिच्या डोक्यावर शाळेने आणखी एक ओझे ठेवले, एवढाच या उपक्रमाचा अर्थ होतो.

या अडचणीचे उत्तर दूर शोधावयास नको. ज्या घरांतून मुले येतात, त्या घरांतच ते आहे. पांझरेच्या काठच्या या भागात शेतकरी व मजूर स्त्रीस मोकळा वेळ असा कधीच नव्हता. कांद्याची लागवड, निंदणी, गुरांचे शेणपाणी, चूल आणि मुले यांत तिचा दिवस सरतो. तरीही घरोघरी गोधड्या होत्या आणि पुष्कळ घरी अजूनही आहेत. हे कसे घडले, याचा शिक्षकाने विचार केला पाहिजे.

गोधडीची रचनाच कष्टाच्या दिवसात बसेल अशी आहे. पहिली गोष्ट, तिचे काम कोठेही थांबविता येते. धावदोऱ्याचा एक टाका घातला की तेवढे काम पुरे झालेले असते; सुई टोचून ठेवावी, गुंडाळी करावी आणि चार दिवसांनी तेथूनच पुढे सुरुवात करावी. दुसरी गोष्ट, तिला विकतचे साहित्य जवळजवळ लागत नाही. फाटके लुगडे, जुने धोतर, सदऱ्याचे तुकडे, जाड सुती दोरा आणि मोठी सुई एवढ्यावर भागते. तिसरी गोष्ट, तिच्याभोवती अनेकींना बसता येते. सासू, सून, शेजारीण यांपैकी जी मोकळी असेल ती हात लावते. चौथी गोष्ट, तिचा हंगाम ठरलेला असतो. रब्बीची कापणी उरकल्यावर, उन्हाळ्यात कपडे धुऊन कडकडीत वाळतात, तेव्हा ती घालावयास घेतात आणि पावसाळ्यापूर्वी संपवितात.

हे केवळ खानदेशातच आहे असे नाही. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही याच कुळातील कामे होत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीत शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी थंडीपासून मुलांचे रक्षण व्हावे म्हणून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि कलाकृती म्हणून नावाजल्या गेल्या. खानदेशातीलच उदाहरण द्यावयाचे तर असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे देता येईल. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. ती चिरंजीव सोपानदेवांनी टिपून ठेवली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. काम आणि निर्मिती यांना त्यांनी वेगवेगळे तास नेमून दिले नव्हते.

शिक्षणशास्त्रास हा विचार नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, त्या काळात स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले आहे. धोरणे आली, परंतु वेळेचा प्रश्न प्रत्येक वेळी शिक्षकाच्याच पुढ्यात राहिला. त्याला खरे उत्तर ताराबाई मोडकांनी कोसबाडला दिले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तीस कुरणशाळा म्हटले. मुलाचे काम न मोडता शिक्षण त्या कामाशेजारी नेऊन ठेवावयाचे, हीच ती दृष्टी होय.

आता प्रत्यक्ष योजना पाहू. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद गोधडीस नऊ इंची चौकोनी तुकडे आठ रांगांत सहा-सहा याप्रमाणे ४८ लागतात. शिवणीसाठी प्रत्येक कडेस अर्धा इंच सोडावयाचा, म्हणून तुकडा १० इंचांचा कापावा. वर्गात २४ मुले असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास दोन तुकडे येतात. तुकडे जोडून झाले, खाली जुन्या सुती कापडाचे थर घालून लांब लांब कच्चे टाके घातले, की धावदोरा उरतो. घरी कडेपासून आत फेर धरतात. शाळेत सरळ ओळी सोप्या जातात. इंचाइंचाच्या अंतराने ७२ ओळी, प्रत्येक ओळ ५४ इंचांची, म्हणजे एकूण ३,८८८ इंच. प्रत्येक मुलास १६२ इंच येतात. एका पाळीस नऊ इंच, म्हणजे एक वीत, असे ठरविल्यास १८ पाळ्या होतात. गोधडीच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन मिळून सहा मुले नीट बसतात. सहांच्या चार गटांनी आळीपाळीने रोज पंधरा मिनिटे बसल्यास ७२ दिवसांत काम पुरे होते. जूनअखेर तुकडे जोडून जुलैत धावदोऱ्यास आरंभ केला तर दिवाळीच्या सुटीपूर्वी गोधडी तयार होते.

या पंधरा मिनिटांत गणित व भाषा बुडत नाहीत. वरील हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. मुलाची वीत आणि पट्टीवरील नऊ इंच यांत फरक का पडतो, हा प्रमाणित मापाचा पाठ आयताच मिळतो. शिवणाऱ्या गटास उरलेल्यांपैकी एकाने धडा वाचून दाखवावा. बहुवर्ग शाळेत एक गट असा गुंतला म्हणजे दुसऱ्या इयत्तेकडे लक्ष देण्यास शिक्षकास सवडही मिळते.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. सुईचे काम चौथीपासून वरच्या मुलांना द्यावे. लहानांनी मणी ओवावेत, माती मळावी. सुया मोजून द्याव्यात आणि मोजूनच परत घ्याव्यात. आजकालच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखाली सरकतात, म्हणून त्या घेतल्यास कच्चे टाके दाट घालावेत. मुलगे व मुली दोघांनीही शिवावे. गावोगावचे शिंपी पुरुषच असतात, हे मुलांस दाखवून द्यावे. जेथे बांबूकाम किंवा दोर वळणे परिचित असेल तेथे तेच घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाकडा टाका उसवून घरी सरळ करण्यास पाठवू नये. तो मुलाचा टाका आहे.

यात एका विशिष्ट मुलाचे हित गुंतलेले आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्यांची मुले परत येतात तेव्हा वाचनात मागे पडलेली असतात आणि वर्गात त्यांना कच्ची म्हणून गणले जाते. त्याच मुलांचे हात मोळी बांधण्यात, दोर वळण्यात, धाकट्या भावंडास सांभाळण्यात तयार झालेले असतात. ज्या शाळेत हाताच्या कामास रोज जागा आहे, त्या शाळेत या मुलास कोणत्या तरी एका बाबतीत इतरांना शिकविता येते. ज्यास एकदा असा मान मिळाला, तो मूळाक्षरांकडेही धीराने वळतो. गावातील एखाद्या आजीस पहिल्या टाक्यांसाठी बोलावून सन्मानाने बसविले तर मुलांना आपल्या घरचे ज्ञानही ज्ञान आहे, हे कळेल.

तयार झालेली पहिली गोधडी प्रदर्शनात टांगून ठेवू नये. ती अंगणवाडीतील लहानग्यांना थंडीसाठी द्यावी आणि तिच्या कडेस शिवणाऱ्या सर्व मुलांची नावे दोऱ्याने भरावीत. जी मुले तोवर ऊसतोडीस गेली असतील, त्यांचीही. येत्या जूनमध्ये प्रत्येक शाळेने जुन्या सुती कापडाची एक पिशवी भरून वर्गाच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवावी. कामाचा आरंभ तेथून होईल.